सायक्लिन डी१ ‘निगेटिव्ह’ आलं, पण रक्तवाहिन्याही कोऱ्याच होत्या: एका गाठीच्या बायॉप्सीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेला टिश्यू मायक्रोस्कोपखाली तपासून निदान करते. ही केस पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावातली. पेशंट ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय आणि ज्या लॅबचा पहिला रिपोर्ट होता तिचंही नाव घेत नाही, कारण असं कुठल्याही लॅबमध्ये होऊ शकतं आणि मुद्दा तो नाहीच.

पेशंट साठी ओलांडलेले शेतकरी. मानेत, काखेत आणि जांघेत गाठी, पण दुखत नाहीत म्हणून बरेच महिने अंगावर काढलेल्या. मग जेवण तुटलं, वजन उतरलं, शर्ट ढगळ व्हायला लागले तेव्हा मुलगा बळंच फिजिशियनकडे घेऊन आला. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हिमोग्लोबिन जरा कमी, पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि त्यातही लिम्फोसाईट (बी-पेशी, टी-पेशी वगैरे) जास्त, तपासताना स्प्लीन, म्हणजे प्लीहा, हाताला लागत होती. सर्जनने मानेतली एक अख्खी गाठ काढून बायॉप्सीला पाठवली, आणि इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिलंय तसंच झालं, सुईची बायॉप्सी न करता पूर्ण गाठ काढली हे तर फारच चांगलं केलं.

आता या वयात, अशा गाठी आणि रक्तात वाढलेले लिम्फोसाईट म्हटलं की डोक्यात दोन नावं हमखास येतात. एक सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, गाठीत सापडला तर त्यालाच एसएलएल (स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा) म्हणतात. दुसरा मॅन्टल सेल लिम्फोमा. दोन्ही बी-पेशींचे कॅन्सर. मायक्रोस्कोपखाली दोन्हीत लहान लहान बी-पेशींचा सडा दिसतो, दोन्हीत सीडी२० (‘सीडी’ नंबर म्हणजे पेशीच्या आवरणावरची ओळखीची प्रोटीन, मार्कर) पॉझिटिव्ह, आणि एरवी टी-पेशींवर असणारं सीडी५ सुद्धा दोन्हीत पॉझिटिव्ह. म्हणजे दिसायला भाऊभाऊ. पण वागण्यात खूप फरक. सीएलएल लवकरच्या स्टेजला असेल तर पुष्कळदा औषधच सुरू करत नाहीत, दर काही महिन्यांनी बघत राहतात. मॅन्टल सेलमध्ये काही मोजके पेशंट सोडले तर तसं थांबून चालत नाही, आणि औषधांची निवडही वेगळी असते.

या दोघांना वेगळं काढायला जी टेस्ट सगळ्यात जास्त वापरतात ती म्हणजे सायक्लिन डी१ ची अँटिबॉडी. स्लाईडवर तिला तिचं प्रोटीन सापडलं की तिथे तपकिरी रंग येतो, नाहीतर न्यूक्लियस निळाच राहतो. अशा टेस्टला आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात.

ही अँटिबॉडी नेमकं काय पकडते

थोडं सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी गडबड इथेच आहे. पेशीने दुप्पट व्हायचं की नाही हा निर्णय जी१ टप्प्याच्या शेवटी होतो. सायक्लिन डी१ हे प्रोटीन सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाईमना जाऊन चिकटतं, ती जोडी आरबी नावाच्या ब्रेकवर फॉस्फेट चढवते, ब्रेक सैल पडतो आणि पेशी एस टप्प्यात, म्हणजे डीएनएची कॉपी काढायच्या टप्प्यात शिरते. ‘सायक्लिन’ या प्रोटीनचा शोध टिम हंट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्रातल्या अर्चिनच्या अंड्यांवर काम करताना लावला, त्यासाठी २००१ चं नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळालं. डी१ पुढे १९९१ मध्ये पॅराथायरॉईडच्या ट्यूमरमधून हाती आलं.

नॉर्मल लिम्फोसाईट डी१ बनवतच नाहीत, त्यांचं काम डी२ आणि डी३ वर भागतं. मॅन्टल सेल लिम्फोमात ११ नंबरच्या आणि १४ नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल होते, डी१ चं जीन इम्युनोग्लोब्युलिनच्या जीनशेजारी जाऊन बसतं आणि बी-पेशीत ते जीन कायमच चालू असल्यामुळे शेजारी बसलेलं डी१ सुद्धा धो धो बनायला लागतं. ९५ टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये ही अदलाबदल सापडते. म्हणून लिम्फोसाईटच्या न्यूक्लियसमध्ये डी१ चा तपकिरी रंग दिसला की आपण सावध होतो.

पण गाठीत लिम्फोसाईट सोडून आणखीही पेशी असतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या एंडोथेलियल पेशी आणि हिस्टिओसाईट (टिश्यूत सफाई करणाऱ्या पेशी), या दोघांच्या न्यूक्लियसमध्ये डी१ नॉर्मलीच असतं. म्हणजे कुठल्याही लिम्फ नोडमध्ये, आजार काहीही असो, स्लाईड नीट लागली असेल तर मधूनमधून हे तपकिरी न्यूक्लियस दिसायलाच हवेत. याला आम्ही इंटर्नल कंट्रोल म्हणतो. आणि माझं ठाम मत आहे की सायक्लिन डी१ ची स्लाईड वाचताना ट्यूमरकडे बघायच्या आधी एखादी बारीक रक्तवाहिनी शोधायची.

प्रॉब्लेम काय झाला

पहिल्या लॅबचा रिपोर्ट असा: सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी५ पॉझिटिव्ह, सीडी२३ हलकं पॉझिटिव्ह, सीडी१० निगेटिव्ह, सायक्लिन डी१ निगेटिव्ह. निष्कर्ष एसएलएल/सीएलएलच्या बाजूने. कागदावर वाचलं तर यात खटकण्यासारखं काही नाही.

फिजिशियनला मात्र खटकलं. त्यांनी फोन केला, “मॅडम, सायक्लिन डी१ निगेटिव्ह म्हटल्यावर मॅन्टल सेल कटलंच ना? पण पेशंट काही सीएलएलसारखा वागत नाहीये हो. गाठी डोळ्यांदेखत वाढतायत आणि माणूस खंगत चाललाय. रिव्ह्यू करता का?” त्यांनी हा फोन केला म्हणून पुढचं सगळं झालं. रिपोर्ट आणि पेशंट जुळत नसतील तर रिपोर्ट परत बघायला सांगायचं, हे बरेच डॉक्टर संकोचाने टाळतात.

मुलगा स्लाईड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) घेऊन आला. एचअँडई, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगाच्या, स्लाईडवरच पहिली शंका आली. गाठीच्या कडेला, कॅप्सूलला (गाठीच्या वेष्टणाला) लागून, पेशी छान कुरकुरीत, न्यूक्लियसच्या घड्या दिसतायत, कडा जरा वेड्यावाकड्या, आणि मधोमध सगळं फिकट, पुसट, पेशी फुगून विरघळल्यासारख्या. ही खूण फिक्सेशन, म्हणजे फॉर्मॅलिनने टिश्यू टिकवणं, नीट न झाल्याची. सर्जनच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) विचारलं तर सिस्टरने सांगितलं की गाठ अख्खीच, न चिरता, छोट्या तोंडाच्या डबीत घातली होती, फॉर्मॅलिन जेमतेम ती बुडेल इतकं, आणि शनिवारची दुपार असल्यामुळे पार्सल सोमवारी निघालं.

फॉर्मॅलिन टिश्यूत अगदी हळूहळू शिरतं, ढोबळमानाने तासाला एखादा मिलिमीटर, आणि लिम्फ नोडला तर वर घट्ट कॅप्सूल असते. त्यामुळे बाहेरची साल फिक्स होते आणि आतला गाभा आपल्याच एन्झाईमनी सडत राहतो. पुढे प्रोसेसिंगच्या मशीनमध्ये तो अर्धाकच्चा गाभा अल्कोहोलमध्ये जाऊन घट्ट होतो, म्हणजे कापता येतो, स्लाईड बनते, पण न्यूक्लियसमधली प्रोटीन शोधणाऱ्या अँटिबॉडी तिथे काय करतील याचा भरवसा राहत नाही. सीडी२० सारखे पेशीच्या आवरणावर भरपूर प्रमाणात असणारे मार्कर अशा टिश्यूतही बऱ्यापैकी लागतात. या केसमध्ये तसंच झालं होतं, सीडी२० झकास लागलं होतं आणि त्यामुळे बाकीच्या मार्करवरही सगळ्यांचा विश्वास बसला.

मग सायक्लिन डी१ ची स्लाईड लावली. सगळी निळी. ट्यूमर निळा, आणि मोठी पॉवर लावून एकेक रक्तवाहिनी शोधली तर त्यांची अस्तरं पण निळीच. हिस्टिओसाईट निळे. एकही तपकिरी न्यूक्लियस नाही. सेक्शनही गाभ्यातल्या भागाचाच घेतलेला, कडेची चांगली साल त्या स्लाईडवर जवळजवळ नव्हतीच.

त्या लॅबने कंट्रोल लावला नव्हता असं मुळीच नाही. टॉन्सिलचा कंट्रोल त्याच रनमध्ये वेगळ्या स्लाईडवर लावला होता, तोही आम्ही मागवून बघितला, वरच्या स्क्वॅमस एपिथेलियममध्ये न्यूक्लियस मस्त तपकिरी. म्हणजे अँटिबॉडी चांगली होती, मशीन चांगलं होतं, रन चांगला होता. फसला होता तो पेशंटचा टिश्यू, आणि दुसऱ्या माणसाचं नीट फिक्स केलेलं टॉन्सिल या पेशंटच्या गाठीत काय घडलं ते सांगू शकत नाही.

तेव्हा त्या स्लाईडचं खरं उत्तर ‘निगेटिव्ह’ नव्हतं, ‘वाचता येत नाही’ असं होतं.

समोर काय काय पर्याय होते

फिजिशियन, सर्जन आणि मी असे फोनवर बोललो, मुलालाही त्याच दिवशी सगळं मोकळेपणाने सांगितलं. तो म्हणाला, “डॉक्टर, आबांना परत कापायला लागणार का तेवढं सांगा, ते आता तयार होणार नाहीत.” हे डोक्यात ठेवूनच पुढचं ठरवलं.

पहिला पर्याय, आहे तो रिपोर्ट मान्य करून सीएलएल धरायचं आणि वाट बघायची. हा लगेच बाद केला. सीडी२३ हलकं होतं, न्यूक्लियस वेडेवाकडे होते, सीएलएलमध्ये दिसणारी प्रोलिफरेशन सेंटर (वाढत्या पेशींचे पुंजके) कुठेच नव्हती, आणि माणूस खंगत होता. चार गोष्टी एका बाजूला आणि एक कोरी स्लाईड दुसऱ्या बाजूला.

दुसरा, नवीन गाठ काढायची. शास्त्र म्हणून सगळ्यात स्वच्छ मार्ग हाच, काखेत आणि जांघेत गाठी होत्याच. पण परत भूल, परत खर्च, आणि पेशंटची तयारी नाही. हा राखून ठेवला, बाकीचं सगळं फसलं तर.

तिसरा, ब्लॉक थेट मुंबईला फिश टेस्टसाठी पाठवायचा. फिश दोन जीनना चमकणारे लाल आणि हिरवे रंग लावून थेट जीनची अदलाबदल बघते त्यामुळे प्रोटीन लागलं की नाही हा वादच मिटतो. सर्जनचं मत याच बाजूला होतं, “एकदाच काय ते करून टाका.” मला धोका असा वाटला की खराब फिक्स झालेल्या गाभ्यावर फिशचे सिग्नलही धूसर येतात, मग टेस्ट फेल झाली असा रिपोर्ट येणार, पैसे जाणार आणि ब्लॉकमधला टिश्यूही कमी होणार.

चौथा, त्याच ब्लॉकवर आयएचसी परत लावायची, पण कडेची साल निवडून आणि वेगळ्या पद्धतीने.

पाचवा पर्याय बोलता बोलता फिजिशियनला सुचला आणि तो या केसमधला सगळ्यात हुशार विचार होता. रक्तात लिम्फोसाईट वाढलेले आहेतच, मग गाठीच्या मागे कशाला लागायचं, रक्तच घेऊ. रक्तावर फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशीवरचे मार्कर मशीनने मोजणं) होते, फिशही होते, फॉर्मॅलिनचा प्रश्नच नाही आणि पेशंटला फक्त एक सुई.

काय केलं

चौथा आणि पाचवा एकत्र करायचं ठरलं. नुसतं रक्त पुरलं असतं का? कदाचित हो. पण रक्तात थोड्याफार असामान्य बी-पेशी या वयात योगायोगानेही सापडतात, तेव्हा गाठीत जे आहे तेच रक्तात आहे हे दाखवणं मला गरजेचं वाटलं, आणि शिवाय केआय-६७, म्हणजे किती पेशी दुप्पट होतायत ते दाखवणारा मार्कर, गाठीवरच बघायचं असतं.

ब्लॉकच्या बाबतीत एक काळजी घेतली जी छोट्या लॅबनी खरंच पाळावी. ब्लॉक मशीनवर चढवून प्रत्येक वेळी सपाट करताना टिश्यू वाया जातो, म्हणून काय काय लावायचं ते आधी कागदावर लिहिलं आणि लागणारे सगळे कोरे सेक्शन कोटेड स्लाईडवर एकाच बैठकीत काढले. सर्जरीच्या वेळचे गाठीचे आणखी तुकडे त्या लॅबकडे डबीत शिल्लक होते, तेही मागवले आणि त्यातला कॅप्सूलसकटचा तुकडा नवीन ब्लॉकमध्ये घेतला. तोपर्यंत तो फॉर्मॅलिनमध्ये बरेच दिवस राहिला होता, तेव्हा आता उलटी काळजी, जास्त फिक्सेशन. पण जास्त फिक्स झालेला टिश्यू हीट रिट्रीव्हलने, म्हणजे बफरमध्ये तापवून, बऱ्यापैकी परत आणता येतो, सडलेला मात्र कशानेच येत नाही.

अँटिबॉडी सशापासून बनवलेली मोनोक्लोनल, एसपी४ क्लोन. पूर्वी डीसीएस-६ वगैरे उंदराचे क्लोन वापरायचे, त्यात स्टेनिंग फिकं यायचं आणि मॅन्टल सेलच्या केसेस निसटायच्या. २००४ च्या सुमारास एसपी४ आली तेव्हापासून हे काम खूप सोपं झालंय. रिट्रीव्हल पीएच ९ च्या बफरमध्ये आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. कंट्रोल म्हणून टॉन्सिलचा तुकडा पेशंटच्याच स्लाईडवर शेजारी बसवला. सोबत सॉक्स-११, एलईएफ-१, सीडी२३ आणि केआय-६७.

स्लाईड आल्या तेव्हा चित्र इतकं स्पष्ट होतं की रेसिडेंट्सना बोलावून दाखवलं. कॅप्सूलखाली एक अरुंद पट्टा, त्यात एंडोथेलियम तपकिरी, आणि त्याच पट्ट्यातल्या ट्यूमर पेशींचे न्यूक्लियसही तपकिरी, काही गडद, काही फिके. आत सरकत गेलं की ट्यूमर आणि रक्तवाहिन्या दोन्हींचा रंग एकदमच ओसरत जातो आणि गाभ्यात दोन्ही निळे. एकाच स्लाईडवर खरं पॉझिटिव्ह आणि खोटं निगेटिव्ह शेजारी शेजारी. दोन्ही पेशींचा रंग एकाच जागी उतरतो याचा अर्थच असा की कारण टिश्यूत आहे, ट्यूमरमध्ये नाही.

सॉक्स-११, जे मॅन्टल सेलमध्ये सहसा लागतं, ते त्याच पट्ट्यात पॉझिटिव्ह. एलईएफ-१, जे सीएलएलमध्ये सहसा लागतं, ते शेजारच्या नॉर्मल टी-पेशींत छान लागलं होतं पण ट्यूमरमध्ये निगेटिव्ह. केआय-६७ चांगल्या भागात मोजलं तर ३० टक्क्यांच्या खाली, ही रेष मॅन्टल सेलमध्ये आजार किती आक्रमक आहे ते ठरवताना वापरतात.

एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. सीएलएलच्या प्रोलिफरेशन सेंटरमधल्या काही पेशी, हेअरी सेल ल्युकेमिया आणि काही मायलोमा यांच्यातही सायक्लिन डी१ लागू शकतं. त्यामुळे तपकिरी दिसलं की लगेच मॅन्टल सेल लिहून मोकळं व्हायचं नाही, पेशी कशा दिसतात आणि बाकीचे मार्कर काय म्हणतात ते जुळलं पाहिजे. इथे जुळत होतं.

रक्ताचा फ्लो रिपोर्टही त्याच दिशेचा आला: सीडी५ पॉझिटिव्ह, सीडी२० चमकदार, सीडी२३ आणि सीडी२०० निगेटिव्ह. सीएलएलमध्ये सीडी२० मंद असतं आणि सीडी२०० पॉझिटिव्ह, म्हणजे नेमकं उलट. आणि शेवटी रक्तावरचं फिश: बहुतेक असामान्य पेशींत एक लाल, एक हिरवा आणि दोन लाल-हिरवे चिकटलेले सिग्नल, ११ आणि १४ ची अदलाबदल पक्की.

निकाल

अंतिम रिपोर्ट मॅन्टल सेल लिम्फोमा, क्लासिक प्रकार. पहिल्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टना रिपोर्ट बाहेर जायच्या आधी फोन करून स्लाईड दाखवल्या, त्यांनी स्वतःहून सुधारित रिपोर्ट काढला. पेशंटच्या हातात दोन उलटसुलट कागद राहिले नाहीत, आणि याला फार महत्त्व आहे, कारण योजनेच्या मंजुरीला कागद जुळले नाहीत की घरच्यांचे हेलपाटे सुरू होतात.

पुढे स्कॅन, बोन मॅरो, आणि रिटक्सिमॅब (सीडी२० ला चिकटणारं औषध) द्यायच्या आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी, जी कधीही विसरायची नसते. वय आणि तब्येत बघून ऑन्कॉलॉजिस्टनी बेंडामस्टिन-रिटक्सिमॅब ठरवलं. रिटक्सिमॅबचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, २००७ पासून मिळतंय म्हणून असं औषध जिल्ह्याच्या गावातल्या माणसाच्या आवाक्यात तरी येतं. पहिल्या काही सायकलनंतर मानेतल्या गाठी हाताला लागेनात, जेवण सुधारलं. मॅन्टल सेल परत डोकं वर काढू शकतो हे पेशंटला आणि मुलाला सांगितलंय, तसं झालं तर बीटीके इनहिबिटर (बी-पेशींना लागणारं एक एन्झाईम रोखणारी औषधं) हा पुढचा टप्पा आहे हेही त्यांना माहितीये.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी ओटीत. गाठ काढल्यावर तिथेच मधोमध चिरायची, मोठी असेल तर ३ ते ५ मिलिमीटरचे काप, आणि रुंद तोंडाच्या बरणीत गाठीच्या निदान दहापट फॉर्मॅलिन. सर्जन लोक गाठ चिरायला कचरतात, ‘पॅथॉलॉजीवाले ओरडतील’ म्हणून. लिम्फ नोडच्या बाबतीत न चिरल्याबद्दल ओरडू, एवढं मी आता आमच्या भागातल्या प्रत्येक ओटीत सांगून ठेवलंय. शनिवारची केस असेल तर निदान चिरून ठेवा, पार्सल सोमवारी निघालं तरी चालेल.

दुसरं, रक्तात लिम्फोसाईट वाढलेले दिसत होते त्याच दिवशी फ्लो केलं असतं तर बायॉप्सीच्या आधीच निम्मं उत्तर हातात असतं. बायॉप्सी ठरली की रक्ताची साधी तपासणी मागे पडते, हे मी वारंवार बघते.

तिसरं, रिपोर्टच्या भाषेबद्दल. आमच्याकडे सायक्लिन डी१ च्या प्रत्येक रिपोर्टमध्ये आता एक ओळ सक्तीची आहे: ‘एंडोथेलियल पेशींत न्यूक्लियर स्टेनिंग आहे / नाही’. ‘नाही’ असेल तर त्या मार्करसमोर निगेटिव्ह हा शब्द टाईपच करता येत नाही, तिथे ‘अनिर्णित, परत करावं’ असंच लिहायचं. हे सगळ्यांना पटत नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं की यामुळे रिपोर्ट लांबतात, क्लिनिशियन गोंधळतात आणि रिपीटचा खर्च लॅबच्या अंगावर पडतो. खर्चाचा मुद्दा खरा आहे. म्हणून एचअँडई बघतानाच फिक्सेशन वाईट दिसलं तर चांगल्या पट्ट्याचा ब्लॉक आधी निवडायचा आणि मगच अँटिबॉडी वापरायची, याने रिपीट बरेच कमी झालेत.

चौथी गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. इंटर्नल कंट्रोल चांगला लागलेला असूनही सायक्लिन डी१ खरोखर निगेटिव्ह असणारे थोडे मॅन्टल सेल लिम्फोमा असतात, त्यात बऱ्याचदा डी१ ऐवजी डी२ च्या जीनमध्ये बदल सापडतो आणि ते पकडायला सॉक्स-११ लागतं. ती अँटिबॉडी प्रत्येक छोट्या लॅबने ठेवावी का? महिन्याला दोन-चार केसेससाठी बाटली उघडून ती एक्स्पायर होऊ देणं कुणालाच परवडत नाही. सध्या आमच्या आजूबाजूच्या लॅबनी मिळून वाटणी केलीये, सॉक्स-११ एकाकडे, एलईएफ-१ दुसऱ्याकडे, आणि कोऱ्या स्लाईड एकमेकांकडे पाठवायच्या. कापलेले कोरे सेक्शन फार दिवस पडून राहिले तर अँटिजेन कमी होतो म्हणून पाकिटावर कापल्याची तारीख लिहायची आणि त्याच आठवड्यात लावायचं, एवढा एकच नियम सगळ्यांनी मिळून ठरवलाय.